गाडीत मुक्काम : चार रात्री, पाच दिवस आणि थोडंसं थर्मोडायनामिक्स

"गाडीत झोपलीस म्हणजे नक्की कशी झोपलीस गं?" जानेवारीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झाल्यापासून हा प्रश्न मला कँटीनपासून वर्कशॉपपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. त्याच्या मागोमाग ठरलेले तीन प्रश्न येतात. भीती नाही वाटली? किती खर्च आला? आणि घरच्यांनी सोडलं कसं? दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला, तेव्हा मराठी विभागाच्या संपादकांनी सुचवलं की एकदाच काय ते लिहून टाक. म्हणून हा लेखप्रपंच. मी पडले कॉन्व्हेंटवाली. मराठी माझी शाळेतली तिसरी भाषा, त्यामुळे मध्येमध्ये इंग्रजी शब्द घुसतील. ते गोड मानून घ्या!

हे प्रवासवर्णन नाही. कोकणावर सुंदर लिहिणारे पुष्कळ आहेत. एकटीनं, कमी पैशांत, गाडीतच झोपून प्रवास करायचा तर नेमकं काय काय जमवावं लागतं, ते इथं सांगायचंय. सगळ्यांना वाटतं की अडचण जागेची असेल, म्हणजे पाय कसे पसरायचे वगैरे. ते तर दहा मिनिटांत जमतं. खरे प्रश्न दोनच असतात : हवा आणि परवानगी. हवेचा प्रश्न विज्ञानाचा आहे, परवानगीचा माणसांचा. आधी थोडी वाट, मग हिशोब, मग हे दोन्ही प्रश्न.

वाट कुठली?

कोकण निवडलं त्याची कारणं अगदी साधी होती. पुण्याहून सकाळी निघालं की दुपारी समुद्र दिसतो, रस्त्यात थोड्या थोड्या अंतरावर वस्ती आहे आणि भाषा आपली आहे. पहिल्यांदाच एकटीनं जायचं तर या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. महिना जानेवारीचा, दिवस मुद्दाम आठवड्याच्या मधले, कारण शनिवार-रविवारी सगळं पुणे तिकडेच असतं. गाडीत झोपण्यासाठी कोकणात डिसेंबर-जानेवारीच बरे. मे महिन्यात गाडीत झोपलात तर सकाळी तुमची इडली झालेली असेल, आणि पावसाळ्यात काचा उघड्या ठेवता येत नाहीत.

माझी वाट अशी होती. पहिला दिवस पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेश्वी, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली, दाभोळ, पुन्हा फेरीबोटीनं धोपावे आणि गुहागर. तिसऱ्या दिवशी हेदवी, तवसाळ ते जयगड फेरीबोट, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस. चौथ्या दिवशी पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण. पाचव्या दिवशी कणकवली, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर आणि हायवेनं पुणे. परत आले तेव्हा मीटरवर ९१२ किलोमीटर झाले होते.

नकाशावर हा किनारा सरळ दिसतो. प्रत्यक्षात सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचं पठार असतं, त्याला तिकडे सडा म्हणतात. म्हणजे रस्ता सारखा सड्यावर चढतो, पुन्हा खाडीपर्यंत उतरतो. त्यामुळे ५० किलोमीटरला दोन तास सहज लागतात. मॅपवर दिसणाऱ्या वेळेत मी कायम निम्मी भर घालायचे आणि ते बरोबर यायचं.

फेरीबोटीचा फायदा इथंच कळतो. दाभोळच्या जेटीवरून पलीकडचं धोपावे डोळ्यांना दिसतं. बोट नसेल तर तिथं जायला चिपळूणवरून सगळी खाडी वळसा घालून जावं लागतं. दाभोळ-धोपावे ही मोटारी नेणारी फेरी २००३ साली सुरू झाली. गाडी बोटीवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद करायची आणि खाली उतरून कठड्याला उभं राहायचं. एके काळी एन्रॉनमुळे देशभर गाजलेला वीजप्रकल्प याच खाडीच्या मुखाशी, अंजनवेलला आहे. आपल्या शाखेच्या मुलांनी तो एकदा लांबून तरी बघावाच. बोटीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून शेवटची फेरी कधी ते विचारून ठेवावं.

हिशोब

आता सगळ्यांचा आवडता विषय. गाडी बाबांची, जुनी वॅगन-आर. पैसे माझे, सुट्टीतल्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडचे. वहीत लिहिलेला खर्च असा :

पेट्रोल (१७ च्या सरासरीनं ५४ लिटरच्या आत, १०४ रुपये भावानं) : ५,५८० रुपये
तीन फेरीबोटी : ५७० रुपये
परतीचे टोल : ३२० रुपये
पाच दिवसांचं खाणं-पिणं : १,४५० रुपये
आंघोळ, स्वच्छतागृह, पार्किंग : २४० रुपये
एकूण : ८,१६० रुपये

साध्या लॉजची खोली रात्रीला १,२०० रुपये धरली, तर चार रात्रींचे ४,८०० वाचले. ऐकायला छान वाटतं. पण जरा नीट बघा. खर्चाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग पेट्रोलचा आहे, आणि एकटं असलं की तो वाटून घ्यायला कुणी नसतं. तिघं असते तर पेट्रोल, बोट आणि टोल मिळून माणशी २,१५० रुपयांच्या आसपास पडले असते. एसटीनं तर याहून पुष्कळ स्वस्तात होतं. तेव्हा 'एकट्यानं गाडी घेऊन जाणं स्वस्त' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गाडीत झोपल्यामुळे हा महागडा प्रकार विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतो, एवढंच. त्याच्या बदल्यात जे मिळतं ते म्हणजे कुठेही थांबण्याची मोकळीक. हेदवीच्या पुढं एका सड्यावर मी नुसतं गवत बघत चाळीस मिनिटं थांबले. एसटीचा ड्रायव्हर थांबला असता का?

पेट्रोल कुठे वाचतं?

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण शिकतोच की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० च्या ऐवजी ९० नं गेलं तर वेग दीडपट, पण हवेचा विरोध सव्वादोनपट! म्हणून परतीच्या हायवेवर मी ७० च्या आसपास राहिले. ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे गेले. जाऊ देत, पेट्रोल माझं होतं.

घाटात मात्र पेट्रोलपेक्षा ब्रेकची काळजी जास्त. माणसासकट गाडीचं वजन १,००० किलो धरा आणि ताम्हिणीहून खाली कोकणात साधारण ६०० मीटर उतार धरा. स्थितिज ऊर्जा झाली ६० लाख ज्यूल. उतरताना ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. एवढ्या उष्णतेत साधारण १८ लिटर गार पाणी उकळीपर्यंत तापतं, म्हणजे आंघोळीची मोठी बादली! फक्त ब्रेक दाबत उतरलात तर यातली बरीचशी उष्णता ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते. ते जास्त तापले की पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, 'ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर.' दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक वळणांपुरता शिल्लक राहतो. न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याचा शहाणपणा घाटात कधीही करू नये.

पलंग

वॅगन-आरमध्ये पलंग असा होतो. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटची उशी, म्हणजे हेडरेस्ट, काढून घ्यायची. सीट पुढे सरकवायची आणि पाठ पूर्ण मागे पाडायची. ती मागच्या सीटला जवळजवळ टेकते. मध्ये जी फट राहते तिथं कपड्यांची पिशवी, वर दोन चादरी आणि सतरंजी. डोकं मागच्या सीटवर, पाय डॅशबोर्डकडे. माझी उंची पाच फूट तीन इंच, मला पुरलं. सहा फुटी मित्रांना तिरकं झोपावं लागेल.

मागची सीट पाडून प्लायवूड टाकलं तर पलंग जास्त सपाट होतो, हे मला माहीत आहे. तरीही मी ही पद्धत निवडली, कारण ड्रायव्हरची सीट मोकळी राहते. रात्री काही गडबड वाटली तर दार न उघडता सरकून स्टिअरिंगवर बसायचं आणि निघून जायचं. बाबांनी घातलेली ही पहिली अट होती. किल्ली कायम एकाच ठिकाणी आणि गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे, ही त्याच अटीची पोटकलमं.

जागा सपाट हवी. थोडा उतार असलाच तर डोकं चढाच्या बाजूला. आणि सकाळी ऊन कुठून येणार याचा विचार संध्याकाळीच करायचा. पूर्वेला झाड किंवा घर असेल तर आठपर्यंत झोपता येतं, नाहीतर साडेसातलाच भट्टी पेटते.

हवा

आता पहिला खरा प्रश्न. काचा पूर्ण बंद करून झोपलं तर काय होतं?

छोट्या गाडीच्या आत साधारण अडीच घनमीटर, म्हणजे २,५०० लिटर हवा असते. झोपलेला माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यांसाठी मर्यादा मानतात ०.५ टक्के. २,५०० लिटरचे ०.५ टक्के म्हणजे साडेबारा लिटर. म्हणजे गाडी अगदी हवाबंद असती तर ही मर्यादा तासाभरातच गाठली गेली असती! प्रत्यक्षात गाडी थोडीफार गळकी असते, त्यामुळे इतकं पटकन होत नाही. पण सकाळी डोकं जड होऊन उठायला तेवढं पुरतं.

शिवाय पाणी. श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पेलाभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ती वाफ गार काचेला लागली की पाणी होऊन ओघळते. सगळ्या चादरी दमट. कोकणातली हवा मुळातच दमट, त्यात ही भर.

उपाय फुकट आहे. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं, म्हणजे तीन सेंटिमीटर उघड्या ठेवायच्या. गणित करून बघा. काच ६० सेंटिमीटर रुंद धरली तर फट झाली ०.०१८ चौरस मीटर. अर्धा मीटर प्रति सेकंद इतकी मंद झुळूक असली आणि निम्मीच कामी आली, तरी तासाला १६ घनमीटर ताजी हवा आत येते. वर मच्छरदाणीची जाळी लावली म्हणून तीही निम्मी केली, ८ घनमीटर. तरी आतला कार्बन डायऑक्साइड ०.२ टक्क्यांच्या खालीच राहतो. एकच काच उघडी ठेवून हे नीट होत नाही, हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी लागते. फट दोन बोटांचीच असावी, त्यातून हात आत घालून कुणाला लॉक उघडता येऊ नये. जाळी मी आईच्या जुन्या मच्छरदाणीची कापून कडेला छोटे लोहचुंबक शिवले होते. दाराच्या पत्र्याला बाहेरून चटकन चिकटते. खर्च साठ रुपये.

इंजिन बंद म्हणजे बंद

हा परिच्छेद कृपया वगळू नका. बाकी लेख विसरलात तरी चालेल.

उकडतंय म्हणून इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा लावून झोपणं ही यातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीनं त्याला धरून ठेवतं. म्हणजे हवेत ऑक्सिजन भरपूर असला तरी तो शरीरात पोचत नाही. जागा माणूस डोकं दुखलं, मळमळलं तर दार उघडून बाहेर पडेल. झोपलेल्याला ती सूचना मिळतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो ना? असतो. पण तो नीट चालायला पुरेसा गरम व्हावा लागतो, आणि त्याच्या आधीच्या जोडात गळती असेल तर त्याचा उपयोग शून्य. जुन्या गाडीचा सायलेन्सर कुठं गंजलाय हे आपण रोज वाकून बघतो का? त्यात गाडी भिंतीला पाठ लावून उभी असेल, सायलेन्सरचं तोंड गवतात किंवा वाळूत असेल, तर धूर गाडीखालीच साठतो आणि फटींतून आत येतो. बंद गॅरेजमध्ये तर काचा उघड्या ठेवूनही उपयोग नाही, कारण बाहेरची हवाच विषारी होते. हाच नियम शेगडी, निखारे आणि मच्छर अगरबत्तीला. गाडीच्या आत काहीही जळतं ठेवायचं नाही.

ज्यांना जिवापेक्षा पैशाची भाषा कळते त्यांच्यासाठी : एसी लावून उभी गाडी तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल खाते. सात तासांचे साडेपाचशे ते सातशे रुपये. तेवढ्यात डॉर्मिटरीत पलंग मिळतो!

दिव्यांचंही असंच. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे सुमारे ४२० वॉट-अवर, आणि त्यातली निम्मी तरी सकाळच्या स्टार्टरसाठी राखायला हवी. हेडलाइट चालू राहिले तर दोन तासांत बॅटरी निम्म्यावर येते. म्हणून मोबाइलला पॉवर बँक आणि वाचायला छोटी टॉर्च.

परवानगी

आता दुसरा प्रश्न, मुलींसाठी जास्त अवघड. मुलांनीही वाचावं.

बाबांचा विरोध गाडी नेण्याला नव्हता, झोपण्याला होता. "निर्जन जागी, समुद्रकिनारी वगैरे नाही," असं ते म्हणाले आणि मला ते पटलं. सिनेमात एकटी गाडी कड्यावर उभी असते आणि समोर सूर्यास्त. प्रत्यक्षात तिथं मदतीला कुणी नसतं. मग आम्ही ठरवलं की रोज रात्री गाडी कुणाच्या तरी आवारात आणि विचारूनच लावायची. आई-बाबांना रोज सहाच्या आत लोकेशन, त्या घराचा फोटो आणि घरातल्या कुणाचा तरी फोन नंबर. हे पाळायचं म्हणून मी पाच वाजताच दिवसाचा प्रवास थांबवत होते. अंधारात विचारणारा माणूस समोरच्यालाही संशयास्पद वाटतो. उजेडात विचारलं की ते आपली गाडी बघतात, चेहरा बघतात, कुठल्या कॉलेजची ते विचारतात. त्यांचीही खात्री पटायला हवी ना?

विचारायची पद्धत मी अशी ठेवली होती. आधी खानावळीत किंवा घरगुती जेवण मिळतं तिथं जेवणाची ऑर्डर द्यायची. मग घरातल्या बाईमाणसाला विचारायचं, "काकू, रात्री गाडी तुमच्या आवारात लावून गाडीतच झोपले तर चालेल का? सकाळी सातला निघेन." आपण काय मागतोय आणि किती वेळासाठी, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. बाथरूम वापरायला मिळेल का आणि त्याचे किती द्यायचे, हेही तेव्हाच.

एका गावात स्पष्ट 'नको' असं उत्तर आलं. काकांनी कारणही सांगितलं. आधी येऊन गेलेल्या पर्यटकांनी रात्रभर गाणी लावली होती आणि सकाळी बाटल्या टाकून गेले होते. मी थँक्यू म्हणून पुढे निघाले. रागावण्यासारखं काही नव्हतं. नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि आपण जिथं झोपतो तिथं मागे काय ठेवून जातो यावर आपल्यानंतर येणाऱ्याला 'हो' मिळणार की 'नको' हे ठरतं.

गुहागरला काकू आधी हसल्याच.

"गाडीत? आणि गाडीत का म्हणून?"

"लॉज परवडत नाही, काकू. आणि मला सवय करायचीय."

"सवय घरी जाऊन कर. इथं पडवीत गादी घालते."

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी मी गाडीत झोपायचं, पण गाडी अगदी पडवीला लावायची आणि पडवीतला दिवा रात्रभर चालू ठेवायचा, यावर तह झाला. मध्यरात्री काकू एकदा बाहेर येऊन बघून गेल्या, ते मला जाळीतून दिसलं. पावसला तर तहसुद्धा झाला नाही. आजींनी सरळ माझी पिशवी उचलून आत नेली. म्हणजे शीर्षकात चार रात्री असल्या तरी गाडीत झोपले तीनच! हिशोबाच्या वहीत या रात्रीचा आकडा लिहिता येत नाही. म्हणून मी जेवणाचे आणि नाश्त्याचे पैसे सांगितले तेवढे दिले, घासाघीस केली नाही. फुकट राहायला मिळेल असं धरून मात्र कुणी निघू नये. ते मिळालं तर त्यांचा चांगुलपणा. आपलं बजेट त्याच्याशिवायच बसायला हवं.

पेट्रोल पंप हा दुसरा पर्याय. दिवे असतात, माणसं असतात, स्वच्छतागृह असतं. पण रात्री ट्रक इंजिन चालू ठेवून उभे राहतात, आवाज आणि धूर दोन्ही. तिथंही मॅनेजरला विचारूनच थांबावं. हायवेच्या कडेला, वळणावर, घाटात झोपायला थांबणं तर नकोच. इतरांना धोका होईल अशा रीतीनं गाडी उभी करणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि मागून येणाऱ्या ट्रकला कलम वाचायला वेळ नसतो. अडचणीत ११२ नंबर लक्षात असू द्या.

वाळूवर गाडी? नको रे बाबा!

दरवर्षी कोकणात कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या गाडीचा फोटो पेपरात येतो. ओहोटीला वाळू घट्ट वाटते म्हणून लोक गाडी खाली नेतात. चाक रुतलं की ते फिरवून फिरवून आणखी खोल जातं, आणि भरती काही ट्रॅक्टर येईपर्यंत थांबत नाही.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी युक्ती मात्र मस्त आहे. तिथीची पाऊणपट करायची. मी गुहागरला होते तेव्हा षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. नवमीला पावणेसात. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन्हींच्या मध्ये ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास कमी चढतं, तो भांग. हे गणित अंदाजापुरतं आहे, पण किनाऱ्यावर फिरायला कधी उतरावं हे ठरवायला पुरेसं. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, आणि एका तिथीला पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. बघा, पंचांगातही इंजिनिअरिंग आहे!

बरोबर काय घ्यावं?

पाच लिटरचा पाण्याचा कॅन, जाळ्या, दोन चादरी आणि सतरंजी, काचांना लावायला जुने टॉवेल, टॉर्च, पॉवर बँक, हवा भरलेली स्टेपनी आणि ती स्वतः बदलता येण्याचा सराव, जंपर केबल, कचऱ्याची पिशवी, लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. किनाऱ्यालगत काही भागांत रेंज जाते, म्हणून मॅप आधीच डाउनलोड करून ठेवायचा, आणि फेरीबोटींच्या क्रमानं गावांची नावं कागदावरही लिहायची. मी ती यादी डॅशबोर्डवर चिकटवली होती. गावं मागं पडतील तशी एकेक खोडायला मजा येते.

टॉवेल पुढच्या काचेला लावू नका. निघायची वेळ आली तर समोरचं दिसायला हवं.

पुढच्या सुट्टीत कुणी जाणार असाल तर माझ्याकडे फेरीबोटींचे नंबर आणि जाळीचं माप लिहिलेली वही आहे, टीई मेकॅनिकलच्या वर्गात येऊन मागून घ्या. निघण्याआधी टायरमधली हवा बघा, ब्रेक ऑइल बघा, पंचांगात तिथी बघा. आणि घरी सांगूनच निघा.